भिवंडीतला अर्ज

आज भिवंडीत आमच्या महिला गटासोबत निधीचा अर्ज भरला. महिला आणि तरुणांच्या शांतता-कामासाठीचा, देशातलाच निधी. परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली मोठी संस्थाही तो पैसा पुढे छोट्या गटाला देऊ शकत नाही. गल्लीत काम करणाऱ्या बायकांसाठी दार बंदच. हे मला फार खटकतं.

'परिणाम कसा मोजणार?' या रकान्यापाशी सगळ्या अडल्या. मग एक चाची म्हणाल्या, "रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा आली की मी पलीकडच्या आळीतल्या ताईंना फोन लावते. आधी त्यांचा नंबरच नव्हता माझ्याकडे. हे लिहा ना!" तसंच लिहिलं, त्यांच्याच शब्दांत.

याच गावात १९८८ मध्ये पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या, हिंदू-मुस्लिम शेजारी आणि पोलिस एकत्र बसतील अशा. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. अर्जाची सुरुवात तिथूनच केलीय.

अंदाजपत्रकात बैठकीला येणाऱ्यांचं रिक्षाभाडं आणि लेकरं सांभाळायला एक बाई, एवढं मी हट्टाने घातलंय. त्याशिवाय तरण्या सुना येणार कशा? कुणी हे अंदाजपत्रक तपासून देईल का? शुक्रवारपर्यंत मुदत आहे, इनबॉक्स करा.