संध्याकाळी सहानंतरचं खाणं

आठवडाभराच्या खाण्याच्या नोंदींची वही होती. तीत पहाटेचा चहा होता, दुपारचा फुलका होता, काकडीच्या चकत्यासुद्धा मोजून लिहिल्या होत्या. संध्याकाळी सहाच्या पुढे मात्र सातही पानांवर एकच ओळ: ‘अर्धी भाकरी, भाजी.’

मी आहारतज्ज्ञ आहे; माझ्याकडे ही वही घेऊन आलेल्या ताई बसवर कंडक्टर आहेत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण आकडे कामाचे आहेत म्हणून देते. वय ४३, उंची १५४ सेंटिमीटर, वजन ८१ किलो, कंबर १०२ सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३४ च्या वर. भारतीय शरीरासाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता धरतात, आणि बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं मानतात. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर, ६.१ होतं, ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा. थायरॉइडची गोळी चालू होती, तरी टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की वाढणारं संप्रेरक, ७.८, जास्तच. वजन करायच्या आधी त्यांनी चपला, घड्याळ, बांगड्या काढल्या आणि श्वास पूर्ण सोडून काट्यावर पाय ठेवला. असं करणारी व्यक्ती त्या आकड्याला किती घाबरलेली असते, हे एवढ्यावरून कळतं.

“मॅडम, मी लई खात नाही. तरी वजन हलंना,” त्या म्हणाल्या. सोबत आलेल्या जाऊबाईंनी दुजोरा दिला, “खरंच काही खात नाहीत ह्या. आमच्यासमोरच तर जेवतात.”

वहीतल्या खाण्याची बेरीज ७५० कॅलरींच्या आसपास येत होती. या वयाच्या, या वजनाच्या आणि दिवसभर गाडीत उभं राहणाऱ्या बाईला वजन आहे तेवढं राखायलाही साधारण १,९०० ते २,००० कॅलरी लागतात. म्हणजे वहीत लिहायचं काहीतरी राहून गेलं होतं. अशा वेळी ‘खरं सांगा’ म्हणून दटावणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने पेशंट पुढच्या वेळी येत नाही, एवढंच होतं. लपवण्यामागे बहुतेक वेळा लाज असते, आणि लाज दटावून जात नाही.

केसपेपरवर शिक्का आणायला जाऊबाईंना बाहेर पाठवलं आणि एकच प्रश्न विचारला, “ड्युटीवरून घरी आल्यावर पहिल्यांदा हात कशाला लागतो?” ‘काय खाता?’ असं विचारलं की लोक जेवण सांगतात. हात कशाला लागतो असं विचारलं की डबे आठवतात.

त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग रडू लागल्या. हळूहळू सगळं बाहेर आलं. साडेसातला घरात शिरायचं, भाकऱ्या करायला ओट्याशी उभं राहायचं. पीठ मळता मळता दोन-तीन मुठी शेंगदाणे. सकाळची उरलेली भाकरी, तिच्यावर चटणी आणि कच्चं तेल. फरसाणाच्या डब्यात दोन-तीनदा हात. मुलाच्या पुड्यातली सात-आठ बिस्किटं. मग सगळ्यांसोबत पंगतीला बसून अर्धी भाकरी. रात्री साडेदहाला भांडी आवरताना पातेल्यातला भात-आमटी उभ्यानेच, वर गुळाचा खडा. आम्ही दोघींनी वाटी-चमचा समोर ठेवून अंदाज बांधला, तर सहानंतरच्या १,८०० च्या जवळपास कॅलरी झाल्या. “मला हावरटपणाच आहे मॅडम, दुसरं काय,” असं त्या म्हणाल्या.

हावरटपणा नव्हता, आणि ते त्यांना आकड्यांनीच दाखवता येत होतं. त्यांच्याकडे आधी कुणीतरी दिलेला ९०० कॅलरींचा चार्ट होता: सकाळी जिऱ्याचं पाणी, दुपारी एक फुलका, वाटीभर भाजी, काकडी, रात्री सूप. तो पाळून त्यांचं वजन सात किलोनं उतरलं होतं आणि वर्षभरात नऊ किलोनं चढलं होतं. सूप सुटलं, पण दुपारपर्यंतचा भाग त्या अजून इमानदारीने पाळत होत्या. पहाटे साडेपाचची पहिली फेरी, नाश्ता नाही, प्रत्येक स्टँडवर कटिंग. सहा कटिंग म्हणजे साखरच ४५ ते ५० ग्रॅम आणि दुधासकट ३५० कॅलरी. दुपारच्या डब्यातून १७० च्या आसपास. संध्याकाळी सहापर्यंत पोटात जेमतेम सव्वापाचशे कॅलरी, त्यातल्या दोन तृतीयांश चहाच्या. प्रथिनं १५ ग्रॅम. अशा दिवसानंतर शेंगदाण्याच्या डब्यासमोर कुणालाही उभं केलं तरी हात जाणारच.

उपाशी माणसाचं मन कसं वागतं याचा एक जुना अभ्यास मी पेशंटना नेहमी सांगते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, रोज साधारण १,५७० कॅलरींवर. त्या तरुणांना अन्नाखेरीज काही सुचेना. ते पाककृती वाचत बसू लागले, ताट पुढे ठेवून चिवडत राहू लागले. नंतर पोटभर मिळायला लागल्यावर काहींना पोट तुडुंब भरलं तरी थांबता येईना. ते तरुण होते, धडधाकट होते आणि स्वतःहून तयार झालेले होते. ताईंचा चार्ट तर ९०० चा होता.

तरी एक गोष्ट तपासणं भाग होतं. थोड्या वेळात खूप खाल्लं जाणं, थांबता न येणं, लपवून खाणं आणि नंतर स्वतःची किळस वाटणं, हे आठवड्यातून एकदा तरी आणि सलग तीन महिने होत असेल तर तो ‘बिंज इटिंग डिसऑर्डर’ असू शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली आहे. ताईंना असं आठवड्यातून दोनदा होत होतं, बहुधा डबल ड्युटीच्या दिवशी. खाल्लेलं उलटी करून काढता का, पोट साफ करायचं औषध घेता का, हेही विचारावं लागतं, आणि ते सरळ आवाजात विचारावं लागतं. उलटी नव्हती. चूर्ण रोज होतं, पण बद्धकोष्ठासाठी. त्याच दिवशी त्यांना मानसोपचार विभागात पाठवलं. “मी वेडी आहे का?” या प्रश्नाला, “नाही. गुडघा दुखला तर हाडांच्या डॉक्टरांकडे जाता ना, तसंच,” एवढं उत्तर पुरलं.

बद्धकोष्ठाचं मूळ वेगळंच निघालं. मार्गावरच्या कितीतरी थांब्यांवर बायकांना जाण्यासारखं स्वच्छतागृह नाही, म्हणून त्या ड्युटीत पाणीच पीत नव्हत्या. दिवसभरात अर्धा लिटर, तेही घोट घोट. तहान लागली की कटिंग. आहाराच्या कुठल्याही पुस्तकात हे सापडत नाही, पण बसवरच्या, बाजारातल्या, शेतावरच्या बायकांना आधी हे विचारल्याशिवाय ‘रोज आठ ग्लास पाणी प्या’ म्हणण्यात अर्थ नाही. कोणत्या स्टँडवर सोय बरी आहे, ते त्यांना पाठ होतं. तिथे गाडी लागायच्या अर्धा तास आधी २५० मिली, अशा तीन जागा ठरवल्या. उरलेलं पाणी निघायच्या आधी आणि घरी आल्यावर. एकूण दीड ते दोन लिटर.

थायरॉइडची गोळी त्या चहाबरोबर घेत होत्या आणि कॅल्शियमची त्याच्या पाठोपाठ. दोन्हींमुळे गोळी नीट शोषली जात नाही. चारला उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर थायरॉइडची गोळी, चहा पाचला, कॅल्शियम रात्री जेवणानंतर. डोस तोच ठेवून सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासू, असं फिजिशियन म्हणाले. इथे एक सांगायला हवं: थायरॉइड कमी असल्यामुळे वाढणारं वजन सहसा दोन-पाच किलोंच्या आत असतं, आणि त्यातही बराच भाग पाण्याचा. सगळं खापर त्याच्यावर फोडलं तर खरं कारण राहून जातं.

मग खाणं. पहिल्या भेटीत मी संध्याकाळपर्यंतचं खाणं कमी केलं नाही, वाढवलं. ताईंना हे पटेना. “वजन कमी करायला आलेय आन् तुम्ही खायला सांगताय!” पण संध्याकाळची भूक सकाळीच मोडावी लागते.

साडेनऊच्या थांब्यावर एक ज्वारीची भाकरी, साधारण ६० ग्रॅम पिठाची, आणि ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ. दीड-दोनला दोन चपात्या, कोरडा झुणका, एक फळभाजी. पाच वाजता ४० ग्रॅम फुटाणे आणि एक पेरू. घरी आल्यावर भाकरी, घट्ट वरण, भाजी, वाटीभर दही. आठवड्यातून चार दिवस वरणाऐवजी दोन अंडी. चहा तीन कप, साखर एक चमचा. हे सगळं १,६५० कॅलरींच्या आसपास जातं आणि प्रथिनं ६० ग्रॅमच्या वर. या सगळ्यात पाच वाजताचे फुटाणे सर्वांत महत्त्वाचे, कारण त्यांच्यामुळे साडेसातला ओट्याशी उभी राहणारी बाई उपाशी नसते.

डब्याचा विचार बारकाईने करावा लागला. उन्हाळ्यात बसच्या बोनेटजवळ ठेवलेली पिशवी किती तापते ते प्रवाशांनाही माहीत असतं. म्हणून पहाटे उकडलेली अंडी डब्यात नाहीत, दही-ताकही नाही, ती घरीच. उसळीत ओलं खोबरं नाही, रस नाही, आणि ती पूर्ण गार झाल्यावरच डबा लावायचा, नाहीतर आतल्या वाफेने आंबते. उसळ पहिल्या डब्यात, कारण ती आधी खायची असते. फुटाणे आठवड्याचे एकदम मोजून सात पुड्यांत. मोठी पुडी बरोबर नेली की हात थांबत नाही, मग पोट भरलेलं असो वा नसो.

घरच्या तेलाचा हिशोबही मांडला. चार माणसांत पाच लिटरचा डबा पंचवीस दिवसांत संपत होता. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो तेल. माणशी रोज ४५ ग्रॅम, नुसत्या तेलाच्या ४०० कॅलरी. २५ ग्रॅमवर आणायचं तर तोच डबा दीड महिना पुरला पाहिजे. डब्यावर उघडल्याची तारीख लिहून ठेवा, एवढंच सांगितलं. रोज चमचा मोजणं कुणाकडूनच फार दिवस होत नाही.

सोमवार, संकष्टी आणि एकादशी त्या सोडणार नव्हत्या, आणि मी तसं सांगणारही नव्हते. उपवास हा श्रद्धेचा भाग आहे, त्यात आहारतज्ज्ञाने बोलायचं ते पदार्थांपुरतं. त्यांच्या एका बशी खिचडीत ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचं कूट, बटाटा आणि दीड मोठा चमचा तूप होतं. साडेपाचशेच्या वर कॅलरी, आणि प्रथिनं जी काही आहेत ती दाण्यांचीच, कारण साबुदाण्यात ती जवळजवळ नसतात. दिवसभर कडकडीत राहून संध्याकाळी दोन बश्या व्हायच्या. त्याऐवजी सकाळी राजगिऱ्याचं थालीपीठ, दुपारी फळ आणि दाणे, संध्याकाळी ४० ग्रॅम वरीचा भात, २० ग्रॅम दाण्यांची आमटी, दही. खिचडी महिन्यातून एकदा, एक बशी, सकाळी.

फरसाणावर बंदी घातली नाही. बंदी घातलेला पदार्थ डोक्यातून जात नाही, तो रात्री साडेदहाला परत येतो. नियम एकच: जे खायचं ते ताटलीत घेऊन, खाली बसून, सगळ्यांच्या देखत. फरसाण आणायचं तर शंभर ग्रॅमची पुडी, किलोची नाही. वहीतले कॅलरींचे रकाने खोडले आणि त्यांच्या जागी दोन घातले: खाण्याआधी भूक दहापैकी किती, आणि कुठे बसून खाल्लं.

दोन आठवड्यांनी वजन ८१.८ भरलं आणि ताईंचा चेहरा पडला. अनेकांचा प्रयत्न इथेच तुटतो, म्हणून हे आधीच सांगून ठेवलं होतं. ग्लायकोजेन म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर; तिच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं. चूर्ण थांबवलेलं, पाळी जवळ आलेली, आदल्या दिवशी लग्नातलं खारट जेवण. या सगळ्यात किलो-दीड किलो सहज इकडेतिकडे होतं. चरबीचा एक किलो वाढायला ७,७०० च्या आसपास जादा कॅलरी लागतात. वही मात्र वेगळं सांगत होती. साडेसातची भूक नवावरून पाचवर आली होती. घरचा वजनकाटा आम्ही माळ्यावर ठेवायला लावला. वजन पंधरा दिवसांनी, आमच्याच काट्यावर.

सहा आठवड्यांनी टीएसएच ४.१ होतं, त्याच गोळीवर. मानसोपचार विभागातल्या भेटी चालू होत्या. थांबता न येणारं खाणं आठवड्यातून दोनदावरून पंधरवड्यातून एकदा झालं. पाच महिन्यांनी वजन ७६.४, कंबर ९६, एचबीए१सी ५.७. मध्ये गावची यात्रा झाली तेव्हा एक किलो चढलं होतं. त्या आठवड्यातही वही कोरी नव्हती, मटणाच्या जेवणापासून पुरणपोळीपर्यंत सगळं लिहिलेलं होतं, आणि माझ्या मते त्या पाच महिन्यांतला हाच सर्वांत मोठा फरक.

सध्या प्रश्न मुक्कामी गाडीचा आहे. ड्युटी बदलली, रात्री साडेनऊला गाडी टोकाच्या गावी पोहोचते, तिथे एका धाब्याशिवाय काही नाही. पाच वाजताचे फुटाणे कायम ठेवून साडेसातच्या थांब्यावरच भाकरी आणि शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी, आणि धाब्यावर फक्त डाळ, तीही वरून तडका न घालता. पहाटेच्या परतीसाठी भाजलेल्या पोह्यांचा कमी तेलातला चिवडा, पन्नास ग्रॅमच्या पुड्या बांधून. धाबेवाला डाळीवर तडका घालतोच, अशी त्यांची तक्रार आहे. पुढच्या भेटीपर्यंत त्याला ड्रायव्हरदादांकडून सांगून बघायचं ठरलंय.