गेरीचा गुलाल आणि डाउनलोड केलेलं लट

रंगपंचमी झाली की पुढे आठवडाभर इंदूरच्या निम्म्या एडिटरांच्या टाइमलाइनवर एकच फुटेज असतं, राजवाड्यासमोरची गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उधळत जाणारी मिरवणूक. टँकरमधून उडणारं रंगीत पाणी, मिसाईलनं वर फेकलेला गुलाल, त्या गुलाबी ढगातून मधूनच दिसणारा राजवाडा, खालचे तीन मजले दगडी नि वरचे चार लाकडी, आणि खाली नुसती माणसंच माणसं. हल्ली पोरं लॉगमध्ये शूट करतात (डिटेल राखायला मुद्दाम फिकट, कमी कॉन्ट्रास्टचं रेकॉर्डिंग), कुणाकडे सोनी, कुणाकडे लुमिक्स, कुणी आयफोन १५ प्रोवर ॲपल लॉग लावून येतं, मग घरी आल्यावर त्यावर कुठून तरी उतरवलेलं लट टाकतात आणि गुलालाचा पार चिखल होतो. मला खरंच वाईट वाटतं, कारण शूट चांगलं असतं, उन्हात गर्दीत कॅमेरा सांभाळत जीव काढलेला असतो. म्हणून एकदा सगळं बैजवार लिहून काढतेय.

लट म्हणजे एलयूटी, लुक-अप टेबल, म्हणजे शब्दशः एक कोष्टक. पूर्वी बँकेत व्याजाचं रेडी रेकनर असायचं ना, इतकी रक्कम, इतके महिने, बोट ठेवायचं आणि आकडा वाचायचा, तसंच हे. प्रत्येक पिक्सेल आपले लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे घेऊन येतो, लट त्यांच्या जागी दुसरे तीन आकडे देतं, विषय संपला. शॉट कुठला, ऊन आहे की ट्यूबलाईट, समोर आजी आहे की जिलबीची कढई, ह्यातलं त्याला काहीही कळत नाही. वन-डी लट असेल तर तीन चॅनलचे तीन वेगळे तक्ते, त्यात कॉन्ट्रास्ट बदलेल, थोडा कलर बॅलन्स बदलेल, पण लाल किती आहे ते बघून निळा हलवणं जमणार नाही. थ्री-डीमध्ये तिन्ही एकत्र बघितले जातात म्हणून लुक देणारी लट्स बहुतेक सगळी थ्री-डी असतात.

आता ८ बिटमध्ये रंग होतात १ कोटी ६७ लाखांच्या वर, तेवढ्या ओळींचं कोष्टक कोण लिहिणार, म्हणून मोजक्या जागांवरचे आकडे लिहून ठेवतात. ३३ पॉइंटचं लट म्हणजे ३३ गुणिले ३३ गुणिले ३३, एकूण ३५,९३७ रंग, मधले सगळे सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं. १७ पॉइंटमध्ये फक्त ४,९१३ असतात, ६५ मध्ये २,७४,६२५. हा मधला अंदाज कसा काढायचा त्याचे प्रकार आहेत, रिझॉल्व्ह ह्या रंगकामाच्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये ट्रायलिनियर आणि टेट्राहेड्रल असे दोन पर्याय दिसतील, टेट्राहेड्रल ठेवा, आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगात आणि करड्या छटांमध्ये ते जास्त स्वच्छ येतं.

आणि एक गोष्ट नक्की करून बघा, लटची डॉट क्यूब फाईल नोटपॅडमध्ये उघडा. कुलूपबंद काही नसतं, साधी टेक्स्ट फाईल आहे. वर एकदोन ओळी नाव आणि साइज, त्याखाली नुसते शून्य ते एकमधले आकडे, ओळीला तीन. लाल सगळ्यात भरभर बदलतो, मग हिरवा, मग निळा. म्हणजे आकड्यांची पहिली ओळ शुद्ध काळ्याची (काळ्याच्या जागी काय द्यायचं ते) आणि शेवटची शुद्ध पांढऱ्याची. रेक ७०९ साठीचं, म्हणजे नेहमीच्या टीव्ही-मॉनिटरच्या रंगांच्या मानकासाठीचं, लुक लट असेल आणि पहिल्या ओळीत ०.०३, ०.०३, ०.०६ असं काही दिसलं तर न लावताच कळतं की हे काळा उचलणार आणि त्यात निळा कालवणार. ३३ पॉइंटच्या फाईलमध्ये ३३वी ओळ शुद्ध लाल. आणि गुलालाचं काय होणार ते बघायचं तर ३४,८८१वी ओळ बघा (वरच्या नावाच्या ओळी सोडून मोजायचं), ती शुद्ध मॅजेन्टाची. तिथला लाल आणि निळा दोन्ही बरेच खाली ओढलेले असतील तर गेरीच्या फुटेजला ते लट लावायचा विचारच सोडा. मी कुठलंही नवीन लट आलं की आधी ह्या चार ओळी बघते, मग प्रिव्ह्यू.

पण सगळ्यात मोठी गल्लत होते ती लटला काय खायला घालायचं ह्यात. लट एका ठराविक इनपुटसाठी बनलेलं असतं. सोनीच्या एस-लॉग३ मध्ये १८ टक्के ग्रे, म्हणजे एक्स्पोजर मोजायचा मधला करडा, साधारण ४१ टक्क्यांवर बसतो आणि पांढरा कागद ६१ वर, त्याच्या वरची सगळी जागा उन्हाची चमक, आरसे, दिवे ह्यांच्यासाठी राखून ठेवलेली. नॉर्मल प्रोफाइलमध्ये ग्रे जवळपास तिथेच असतो पण पांढरा थेट वरच्या टोकाला गेलेला. आता एस-लॉग३ चं लट नॉर्मल फुटेजवर टाकलंत तर त्याला वाटतं की हा पांढरा सदरा म्हणजे सूर्यच आहे, आणि तो सदरा जळून जातो. उलटं केलं, लॉगवर साधं लुक लट टाकलं, तर सगळं धुरकट आणि वर विचित्र रंग चढलेले. पॅनासॉनिकच्या व्ही-लॉगला व्ही-लॉगचंच पाहिजे, आणि सोनीत तर एस-लॉग३ सोबत गॅमट (रंगांची हद्द) कुठला होता, एस-गॅमट३ की एस-गॅमट३ डॉट सिने, हेही बघावं लागतं, दोन्हींची लट्स वेगळी. रिझॉल्व्हमध्ये फिल्म लुक्सच्या फोल्डरमध्ये कोडॅक २३८३ वगैरे मिळतात, सुंदर आहेत, पण त्यांना सिनिऑन लॉग लागतो, म्हणजे फिल्म स्कॅन करायला कोडॅकनं जी पद्धत काढली होती ती. डायरेक्ट रेक ७०९ वर टाकून लोक म्हणतात फार डार्क होतंय, होणारच.

म्हणून दोन कामं वेगळी ठेवायची. एक लट टेक्निकल, जे लॉगचं नॉर्मल करून देतं, आणि दुसरं लुकचं, जे मूड देतं. दोन्ही एकातच भरलेली लट्सही मिळतात पण मग काय बिघडलं ते शोधताना नाकी नऊ येतात.

माझी भाची ह्या वर्षी पहिल्यांदा गेर शूट करून आली, प्रीमियर ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम करते, म्हणाली, मावशी एक्स्पोजर कितीही खाली आणलं तरी गुलालाचा ढग सपाटच दिसतोय, आत काही डिटेलच नाही. लुमेट्रीत, म्हणजे प्रीमियरच्या रंगांच्या पॅनलमध्ये, बेसिक करेक्शनमध्ये वर इनपुट लटची जागा असते, ते लट सगळ्यात आधी लागतं आणि एक्स्पोजरचा स्लायडर त्याच्यानंतर. लटनं वरचं जे कापलं ते कापलं, नंतर स्लायडर खाली ओढून फक्त कापलेला पांढरा करडा होतो. तिच्या क्लिपवर दोन लुमेट्री लावून दाखवले, पहिल्यात फक्त एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स, दुसऱ्यात लट, आणि ढगाच्या आत एक माणूस खांद्यावर पोर घेऊन उभा होता तो दिसायला लागला, पोराच्या हातात पिचकारी होती. ती बघतच राहिली. तो माणूस फुटेजमध्ये पहिल्यापासून होता! प्रीमियरमध्ये अजून एक बघा, नवीन व्हर्जन लॉग ओळखून आपणहून कन्व्हर्ट करतं, त्यावर परत तुम्ही कन्व्हर्ट करणारं लट टाकलं तर कॉन्ट्रास्ट दोनदा लागतो, सावल्या काळ्या पडतात आणि उजळ भाग जळतात, तर दोन्हींपैकी एकच ठेवा.

रिझॉल्व्हमध्ये एका नोडमध्ये, म्हणजे रंगकामाच्या एका टप्प्यात, लट टाकलं तर त्या नोडच्या व्हील्सचं (रंगचक्रांचं) काम आधी होतं आणि लट शेवटी, पण तरी लटला स्वतंत्र नोड द्या, त्याच्या आधीच्या नोडमध्ये एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, आणि लट जड वाटलं तर त्या नोडचा की आउटपुट गेन (लटचा जोर ठरवणारा आकडा) कमी करा, एकऐवजी ०.६ वगैरे. लट शंभर टक्केच लावायचं असा कुठे नियम नाहीये.

आता परत गुलाल. भर दुपारच्या उन्हातला गुलाबी गुलाल इतका भडक असतो की रेक ७०९ च्या हद्दीत तो मावतच नाही, कॅमेऱ्याच्या मोठ्या गॅमटमध्ये मात्र असतो. लट त्याला काठावर आणून चिकटवतं, लाल चॅनल वर टेकतो, निळाही टेकायला येतो, आणि ढगातल्या सगळ्या छटा मिळून एक सपाट ठिगळ होतं. शून्याच्या खाली आणि एकच्या वर नेहमीच्या लटकडे कोष्टकच नसतं, तिथे ते कापतंच. म्हणून गेरीसाठी मी टेक्निकल लट वापरतच नाही, रिझॉल्व्हचं कलर स्पेस ट्रान्सफॉर्म लावते, ते गणित करून बदलतं, कोष्टक बघून नाही, आणि त्यात गॅमट मॅपिंगला सॅच्युरेशन कम्प्रेशन निवडलं की भडक रंग कापण्याऐवजी दाबून आत घेतं. प्रीमियरवाल्यांनी लटच्या आधीच्या लुमेट्रीत ह्यू व्हर्सेस सॅच्युरेशनच्या कर्व्हवर फक्त गुलाबी पकडून थोडा खाली आणावा. इतकं केलं तरी ढगाला परत खोली येते, उजेडाकडची बाजू आणि सावलीची बाजू वेगळी दिसायला लागते.

गेरीत अजून एक पंचाईत, स्किन टोन. व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे फ्रेममधले रंग दाखवणाऱ्या गोल आलेखावर, लाल आणि पिवळ्याच्या मध्ये ती स्किनची रेघ असते, गोरा असो सावळा असो, माणसाची कातडी साधारण त्याच रेघेवर पडते. पण गेरीत कातडी दिसतेय कुणाची! सगळे गुलाबी हिरवे. तिथे रेघेवर आणायला गेलात तर अख्खी फ्रेम हिरवी होईल. मी दात बघते, डोळ्यातला पांढरा बघते, गेर यायच्या आधीचा एखादा शॉट असेल तर राजवाड्याचा दगड किंवा रिकामा रस्ता बघून बॅलन्स ठरवते आणि तोच पुढच्या शॉट्सना देते.

लग्नात मात्र ती रेघ सोडू नका. बाजारात जे टील-ऑरेंजचे (निळसर सावल्या, नारिंगी चेहरे) पॅक मिळतात ते बहुतेक गोऱ्या कातडीवर आणि ढगाळ उजेडात बसवलेले असतात, त्यात पिवळा थोडा नारिंगीकडे ढकललेला असतो म्हणजे फिक्या चेहऱ्यावर ऊब येते. आपल्याकडे नवरीची पिवळी अष्टपुत्री, हळदीनं माखलेले हात, सगळंच पिवळं, ते सगळं केशरी होऊन बसतं आणि सावळा चेहरा विटकरी. नवरीच्या आईला लट काय ते माहीत नसतं पण ती एका नजरेत सांगते की हळद अशी नव्हती. मला तिचं म्हणणं कुठल्याही स्कोपइतकं महत्त्वाचं वाटतं. सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, शूट करताय तर एका ठेल्यावर पिवळा बल्ब, शेजारी थंड पांढरा एलईडी, तिथे शॉटगणिक व्हाइट बॅलन्स हातानं करा आणि मगच लट, दुसरा उपाय नाही.

माझं ठाम मत हे की इंदूरमध्ये काम करणाऱ्यानं इंदूरच्या उजेडावर स्वतःचं लट बनवावं. मार्चच्या दुपारचं ऊन, गर्दीतले चार सावळे-गोरे चेहरे, थोडा गुलाल, थोडी हळद, एखादी जांभळी पैठणी, असे शॉट्स एका टाइमलाइनवर घ्या, एकच ग्रेड (रंगांची जुळणी) सगळ्यांवर बरा दिसेपर्यंत फिरवा, आणि रिझॉल्व्हच्या कलर पेजवर क्लिपच्या थंबनेलवर राइट क्लिक करून जनरेट एलयूटी, ३३ पॉइंट पुरे. त्यात विंडो (फ्रेमचा निवडलेला भाग), ब्लर, ग्रेन, नॉइज रिडक्शन काहीही येणार नाही, लटला फ्रेममधली जागा कळतच नाही, म्हणून त्या ग्रेडमध्ये फक्त रंगाचं काम ठेवा. मग एक काळा-पांढरा ग्रेडियंट आणि एक रंगीत ग्रेडियंट त्यातून काढून बघा, पट्टे दिसले तर कुठला तरी कर्व्ह फार जोरात वळवलाय, तो सैल करा आणि परत बनवा. फुटेज ८ बिट लॉग असेल तर पट्टे त्यातूनही येऊ शकतात, तिथे २५६ पायऱ्याच आहेत, १० बिटला १०२४, म्हणून टेस्ट ग्रेडियंटवरच करायची.

आणि फाईलच्या नावात आत काय जातं आणि बाहेर काय येतं ते लिहा, एस-लॉग३ सिने टू ७०९, गेर, दुपार, असं. नुसतं फायनल नवीन २ असं नाव दिलं तर पुढच्या रंगपंचमीला ते लट कुणाच्याच कामाचं राहत नाही.