शून्य दाखवणारी गोळी

"सर, झिरो आला!" 140 केल्व्हिनच्या (सुमारे उणे 133 अंश सेल्सिअस) आसपास पॉलिअ‍ॅनिलिन या वीज वाहणाऱ्या पॉलिमरच्या (लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाच्या) गोळीवरचं व्होल्टेज एका झटक्यात शून्यावर आलं होतं. विद्यार्थिनीच्या डोळ्यांत अतिवाहकता, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहणं, चमकत होती.

पॉलिमर अतिवाहक होतच नाही असं नाही. पॉलिसल्फर नायट्राइड 0.26 केल्व्हिनला अतिवाहक होतं हे 1975 मध्येच दिसलं. पण कुठे 0.26 आणि कुठे 140! शिवाय 2001 मध्ये पॉलिथायोफीनबद्दल झालेला असाच दावा पुढे मागे घ्यावा लागला. म्हणून आधी गोळीवर संशय.

पदार्थ नेहमीच्याच कृतीने केलेला: 2.59 ग्रॅम अ‍ॅनिलिन हायड्रोक्लोराइड आणि 5.71 ग्रॅम अमोनियम परसल्फेट, प्रत्येकाचं 50 मिली द्रावण, दोन्ही मिसळून रात्रभर ठेवलेलं. हिरवा साका 0.2 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलेला. नुसत्या पाण्याने धूत बसलं की आम्ल निघून जातं आणि वाहकता घसरते, ती चूक तिने केली नव्हती. दाबून केलेली गोळी 13 मिमी व्यासाची, 1 मिमी जाडीची, कडेला सिल्व्हर पेस्टने चिकटवलेल्या चार तारा, ओळीने 1 ते 4. करंट 1 आणि 2 मधून, व्होल्टेज 3 आणि 4 वर. खोलीच्या तापमानाला 1 मिलिअँपिअरला अर्धा मिलिव्होल्ट, म्हणजे वाहकता सेंटिमीटरला सुमारे 4.4 सिमेन्स. चोख.

गार होताना व्होल्टेज पावणेतीन मिलिव्होल्टपर्यंत चढलं होतं. तसंच व्हायला हवं, कारण इथे विद्युतभार उष्णतेच्या आधाराने साखळीवरून साखळीवर उड्या मारतो.

करंटची दिशा उलटवली, तरी शून्यच. करंट देणाऱ्या सोर्सवर पूर्ण 1 मिलिअँपिअर दिसत होता, म्हणजे तार तुटलेली नाही. इथेच माणूस फसतो. मग जोडणी फिरवली: करंट 2 आणि 3 मधून, व्होल्टेज 1 आणि 4 वर. सोर्स लगेच 10 व्होल्टच्या मर्यादेला जाऊन थडकला, म्हणजे तेवढं व्होल्टेज लावूनही करंट पुढे जाईना. अतिवाहक कुठल्याही जोडणीत शून्यच दाखवतो. ही गोळी चिरली होती.

बाहेर काढून भिंगाखाली धरली. केसासारखी चीर, 1-2 एकीकडे आणि 3-4 दुसरीकडे. करंट पहिल्या तुकड्यातच फिरत होता, दुसऱ्यात काही वाहतच नव्हतं, मग व्होल्टेज येणार कुठून?

दोष चिकटवण्यात होता. गोळीचा अख्खा तळ व्हार्निशने तांब्याच्या ठोकळ्याला चिकटवलेला. थंडीत पॉलिमर तांब्यापेक्षा जास्त आकसतो, तांबं त्याला आकसू देत नाही, आणि दाबून केलेली पूड ताण सोसत नाही.

दुसरी गोळी ग्रीसच्या ठिपक्यावर बसवली, तारांना ढिला वेढा दिला, मिनिटाला 1 केल्व्हिन या वेगाने गार केली. दोन्ही जोडण्यांचं वाचन आळीपाळीने घेतलं. 77 केल्व्हिनला दोन्हींत 17 मिलिव्होल्टच्या आसपास, आणि आलेख तोवर चढतच होता.