आमची वाटचाल : पहिले 285 कुर्ते

2018च्या श्रावणात मी आणि माझ्या जाऊबाईंनी कुर्त्यांचा स्वतःचा ब्रँड काढायचं ठरवलं आणि लालबागच्या घरात वही उघडून हिशेब मांडला. गाठीशी दोन लाख रुपये होते. 300 कुर्ते. अडीच मीटरने 750 मीटर कापड, 110 रुपये मीटर, म्हणजे 82,500. शिलाई 120ने 36,000. बाकीचे पैसे फोटोंना आणि दिवाळीच्या प्रदर्शनातल्या स्टॉलला. हिशेब अगदी सरळ वाटत होता.

कापड मंगलदास मार्केटमधून घेतलं, 44 इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कॉटन. त्यावर 5 टक्के जीएसटी, 4,125 रुपये. आमची उलाढाल तेव्हाच्या 20 लाखांच्या मर्यादेच्या आत, नोंदणी नाही, म्हणून तो कर परत मिळणार नव्हता. वहीत त्याचा रकानाच नव्हता. शिवल्यावर आटू नये म्हणून कापड आधीच पाण्यातून काढून घ्यायला मीटरला सहा रुपये, हेही नव्हतं. विणलेली लेबलं हजार नगांच्या खाली कोणी करून देईना. पॅटर्न (कापायचे कागदी नमुने), ग्रेडिंग (त्यांची लहान-मोठी मापं) आणि तीन सॅम्पल मिळून 14,000 गेले. त्यात कापड आटून 714 मीटर भरलं. 300चे 285 झाले. कमी पडलेलं कापड आणायला परत गेलो, तर लॉट बदललेला, शेड जुळेना.

कटिंग मास्तरचाचांनी केलं. त्यांची बारा इंची कात्री मी अजून विसरले नाही. मुठीला जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली, आणि दुसऱ्या कोणी तिला हात लावलेला त्यांना खपायचा नाही. मशीनने थर कापले तरी गळ्याचा गोल ते त्याच कात्रीने साफ करायचे. खडूची रेघ मारली की टेप दोनदा लावायचे. आमचा कुर्ता अंगावर बसतो, तो त्या हातामुळे.

आता खरं दुखणं. शिलाई कुर्ल्याच्या एका गाळ्यात दिली होती. रेट तोंडी ठरला होता. कापलेले बंडल त्यांच्याकडे गेले आणि चौथ्या दिवशी फोन आला : 120 साध्या कुर्त्याचे, तुमच्यात पायपिंग (कडेची गोट) आहे, खिसा आहे, 165 पडतील. सॅम्पल त्यांनीच शिवलं होतं! खिसा तेव्हाही होताच की. 45 रुपयांनी 285चे 12,825. खात्यात तीन हजार, प्रदर्शनाला अकरा दिवस. कापलेला माल उचलून दुसरीकडे नेला तर कोणी सहजासहजी हात लावत नाही. अर्धवट माल म्हटलं की कारागीर आधी खोट शोधतो. जाऊबाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

गिरगावातल्या एका शाळेच्या बाईंनी आम्हाला तारलं. त्यांनी फक्त सॅम्पल पाहिलं होतं. शाळेतल्या सगळ्या बायकांची मापं स्वतः घेतली, 15 कुर्त्यांचे 900ने 13,500 रुपये आगाऊ आणून दिले. पावतीही मागितली नाही. आजही प्रत्येक नवीन प्रिंटचा पहिला कुर्ता त्यांच्याकडेच जातो.

माल प्रदर्शनाच्या आदल्या रात्री हाती आला. धागे आम्ही घरच्या चौघींनी तोडले.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. लॉकडाउनमध्ये मास्क शिवले, आता स्वतःची सहा मशीन आहेत.

नवीन ब्रँड काढणाऱ्या मुली भेटायला येतात, त्यांना मी आधी हेच सांगते, विचारो न विचारो. कापडाचा 50 बाय 50 सेंटिमीटरचा तुकडा धुऊन, वाळवून मोजा. 48 भरला तर चार टक्के आटलं, आणि उंची-रुंदी दोन्हीकडून मोजा. रेट लिहून घ्या : खिसा, पायपिंग, काज-बटण, धागा तोडणं, इस्त्री, पॅकिंग, प्रत्येकाचा वेगळा. सही केलेलं सॅम्पल स्वतःच्या कपाटात ठेवा. आणि पैशांतला तिसरा हिस्सा पहिल्या ऑर्डरला लावूच नका. तो हाताशी असता, तर त्या दिवशी मी बंडल उचलून आणले असते.

पुढच्या वर्षी दादरच्या प्रदर्शनात तोच खिसा, तोच तिरका कट दुसऱ्या एका ब्रँडच्या हँगरवर पाहिला. शिलाई त्याच गाळ्यातली होती, टाक्यावरून कळतं. आमच्या पॅटर्नचे कागद तिथेच राहिले होते. मी तीनदा मागायला गेले. अजून मिळालेले नाहीत.