उंटाच्या खोगिरातले देव

परदेशी निघताना बॅगेचं वजन सगळेच करतात. बायबलमधली राहेल नवऱ्याबरोबर, याकोबाबरोबर, निघाली तेव्हा तिने बापाच्या गृहदेवता चोरून उंटाच्या खोगिरात लपवल्या आणि वर बसून राहिली (उत्पत्ती ३१:३४). तिच्या बापाने, लाबानाने, तंबू धुंडाळला, हाती काही लागलं नाही. आपण ज्याच्यावर बसलेलो असतो तिथे झडती घ्यायची कुणालाच सुचत नाही, आपल्यालाही नाही.

इकडे आल्यावर मूर्ती, म्हणजे मनात देवाच्या जागी बसलेली वस्तू, बहुतेक वेळा चांगल्याच गोष्टीची होते: नोकरी, कायम राहण्याचा परवाना, मायदेशी बांधायचं घर, मुलांचं शिक्षण. पितळेचा साप मोशेने देवाच्या सांगण्यावरूनच केला होता आणि त्याच्याकडे पाहून सर्पदंश झालेले वाचले (गणना २१). काही शतकांनी लोक त्याच सापापुढे धूप जाळत होते, म्हणून हिज्कीया राजाने तो फोडला (२ राजे १८:४). परवान्याचंही असंच होतं. त्यासाठी प्रार्थना केलेली असते, उपासही केलेला असतो. मग पहाटे ३ ला जाग येते आणि हात आधी फोनकडे जातो, अर्ज पुढे सरकला का ते बघायला. रात्री ११ ला बघितलेलंच असतं. पान उघडेपर्यंत छाती धडधडते, आणि दिवस कसा जाणार ते त्या पानावर ठरतं.

आपली मूर्ती ओळखायची एक साधी रीत: १४ दिवस वहीत नोंद ठेवा. कागदाची वही घ्या. फोनवर लिहायला गेलात तर ज्याची चौकशी करायची त्याच्याच हातात वही दिल्यासारखं होईल. रोज रात्री ५ मिनिटं, चार रकाने: रिकामा वेळ कुठे गेला, न ठरवता पैसा कुठे गेला, भीती कशाची वाटली, राग कशावरून आला. पहिले दोन रकाने लोक नीट भरतात. खरी माहिती मात्र शेवटच्या दोनांत असते, कारण राग आणि भीती बहुधा जपलेल्या वस्तूला धक्का लागला की उठतात. पंधराव्या दिवशी सगळं एकदम वाचा आणि जो शब्द परत परत येतो तो या वाक्यात घाला: ‘— गेलं तर माझं काहीच उरत नाही.’ वाक्य खरं वाटलं तर नाव सापडलं.

इथे एक गफलत होते. हात पोळलेला माणूस मग प्रत्येक मायेला मूर्ती म्हणू लागतो. आईवडिलांना पैसे पाठवणं ही जबाबदारी आहे. पोट भरण्यासाठी रविवारची पाळी करणाऱ्याला मूर्तिपूजक ठरवणंही अन्यायाचं. पैसे पाठवून झाल्यावर ‘किती पाठवले’ हे चार नातेवाइकांना कळेपर्यंत चैन पडत नसेल, तर वही उघडा. दुसऱ्याच्या गाडीला टेकून काढलेला फोटोही त्याच खात्यात.

आपल्या भाषेतली मंडळी (चर्च) सुद्धा मूर्ती होऊ शकते. गाण्याची किंवा कमिटीची जागा दुसऱ्याला दिली की उपासनेला येणंच थांबतं, तेव्हा कळतं.

सोडताना एका वेळी एकच. ज्याच्याशी खरं बोलता येतं अशा एका विश्वासू माणसापुढे नाव घेऊन कबुली द्या. ‘मी जगाच्या मागे लागलो’ असं मोघम नको. ‘पगाराचा आकडा’ असं नेमकं सांगा. मग ७ दिवसांची मर्यादा घाला: अर्जाचं पान आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी; फोटो टाकणं बंद; जादा पाळी घेण्याआधी त्या माणसाला विचारायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिडचिड वाढली तर घाबरू नका. पकड किती घट्ट होती ते त्यावरून समजतं.

बहुतेकांचं फसतं ते पुढे. झाडून ठेवलेलं रिकामं घर पाहून निघून गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन येतो (मत्तय १२:४३-४५). म्हणून मोकळ्या झालेल्या नेमक्या त्याच वेळेत दुसरं काही ठेवा: पहाटे ३ ला एक स्तोत्र, उशाशी छापील बायबल, फोन दुसऱ्या खोलीत. पैशाची पकड असेल तर गुपचूप दान द्या, आणि ते कुणाला सांगावंसं वाटलं तर तेही वहीत लिहा. सोडल्याचा अभिमान हा जुन्या मूर्तीचा धाकटा भाऊ आहे.

पुढे बेथेलला निघताना याकोबाच्या घरच्यांनी आपापले परके देव आणून दिले आणि त्याने ते शखेमाजवळ झाडाखाली पुरले (उत्पत्ती ३५:४). त्यात खोगिरातले होते की नाही, हे लिहिलेलं नाही.