मागच्या दाराने

मार्च २०२३चा जुन्या पेन्शनचा संप. मी सरकारी नर्स, नोव्हेंबर २००५ नंतर लागलेली; तेव्हापासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती, म्हणजे मागणी माझ्याच म्हातारपणाची. दोन दिवस गेटवर घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. तिसऱ्या दिवशी बाळांच्या कक्षातून मावशींचा फोन: "सिस्टर, शिकाऊ पोरींना शीर सापडंना." सव्वा किलोचं बाळ, शीर दोऱ्याएवढी. मागच्या दाराने गेले, सुई लावली, तासाभरात परतले. हजेरीवर सही केली नाही.

सतरंजीवर शेजारच्या दोघी जरा सरकून बसल्या. एक ताई एवढंच म्हणाली, "आपणच आत गेलो तर सरकारला बाहेरचं कशाला ऐकू येईल?" खोटं नव्हतं ते. (डबा मात्र तिनेच पुढे केला.)

संध्याकाळी मावशींना फोन केलाच, बाळाच्या शिरेतली लाईन टिकली का विचारायला.