केडब्ल्यू ३ म्हणजे नेमकी कोणती तारीख?

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. डिस्पॅचचे काका शेड्यूलचा प्रिंट घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, केडब्ल्यू तीनचा सोमवार तेरा तारखेला येतो. तुमच्या स्क्रीनवर वीस दिसतेय. गाडी कधी लावू?"

आमचा जर्मन ग्राहक तारीख देत नाही, आठवड्याचा क्रमांक देतो. केडब्ल्यू म्हणजे 'कालेंडरवोखे'. वर्ष, आठवडा आणि वार जोडून पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या स्ट्रपटाइमला (strptime, मजकुरातून तारीख काढणारं फंक्शन) द्यायचे आणि तारीख घ्यायची, असा कोड मी लिहिला होता. २०२४ मध्ये तो एकदाही चुकला नाही, म्हणून मी निर्धास्त होते.

चूक एका अक्षराची होती. मजकुरातला कोणता आकडा कशाचा, हे स्ट्रपटाइमला टक्क्याचं चिन्ह आणि एक अक्षर लिहून सांगतात; आठवड्यासाठी मी टक्क्यापुढे मोठा डब्ल्यू (%W) लिहिला होता. त्याच्या हिशेबात वर्षातला पहिला सोमवार उजाडला की पहिला आठवडा सुरू. त्याआधीचे दिवस शून्याव्या आठवड्यात. जर्मनीत चालतं आयएसओ ८६०१ हे तारखांचं आंतरराष्ट्रीय मानक: ज्या आठवड्यात ४ जानेवारी येते, तो पहिला. २०२४ ची १ जानेवारी सोमवारीच होती, त्यामुळे दोन्ही हिशेब जुळत गेले. २०२५ ची आली बुधवारी. आयएसओचा पहिला आठवडा ३० डिसेंबरलाच लागला, माझा ६ जानेवारीला. पुढचं अख्खं वर्ष सात दिवसांनी चुकणार होतं.

आठवड्याला मोठा व्ही आणि वर्षाला मोठा जी लावला, की हिशेब आयएसओप्रमाणे होतो. व्हीसोबत वर्षाचा नेहमीचा वाय दिला तर पायथॉन एरर देतो आणि जी वापरा म्हणून सांगतो. हे फार चांगलं केलंय. पण वार न देता नुसतं वर्ष आणि मोठा डब्ल्यू दिला, तर आठवड्याकडे काणाडोळा करून तो मुकाट्याने १ जानेवारी देतो. हे मला मुळीच पटत नाही. तारीख ठरत नसेल तर लायब्ररीने, म्हणजे पायथॉनमधल्या या तयार कोडने, तसं सांगावं. तिच्या भरवशावर कोणीतरी गाडी लावणार असतं.

मी शेवटी फ्रॉमआयएसओकॅलेंडर (fromisocalendar) हे थेट आयएसओ आठवड्यावरून तारीख देणारं फंक्शन घेतलं, पायथॉन ३.८ पासून ते आहे. वर्ष, आठवडा, वार असे तीन आकडे द्यायचे, सोमवार १, रविवार ७.

२०२६ मध्ये आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आहे आणि आयएसओत ५३ वा आठवडा. १ जानेवारी २०२७ चा शुक्रवार त्याच ५३ व्या आठवड्यात मोडतो. त्याची टेस्ट मी त्याच दुपारी लिहिली. काकांची गाडी तेरालाच लागली.